वारस लागत नाही

माझं माहेर जळगावकडचं. रावेर मागे पडलं की मध्य प्रदेश सुरू होतो, पण बऱ्हाणपुरापर्यंत केळीही तीच आणि बोलीही जवळपास तीच. बदलते ती उपासना. इथे सासरी चर्चमध्ये संदेश हिंदीत, मुलांच्या मोबाइलवरची ख्रिस्ती गाणी इंग्रजीत, आणि घरी जेवणाआधीची प्रार्थना मात्र सासूबाईंच्या मराठीत. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली नारायण वामन टिळकांची पदं त्यांना पुस्तक न उघडता येतात.

मुलांवर संस्कार करायचे म्हणजे हेच, असं मी धरून चालले होते. रोज एकत्र बसायचं, शास्त्रभाग वाचायचा, रविवारी संडे स्कूल चुकवायचं नाही. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात आईबापांना दिलेली आज्ञाही तशीच आहे: घरात बसताना, वाटेने चालताना मुलांना सांगत राहा.

मग पाळकसाहेबांनी दृढीकरणासाठी नावं मागितली. बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला. आता मुलाने मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा. पंधरा वर्षांचा माझा मुलगा म्हणाला, “मम्मी, माझं नाव नको देऊस. मला ते खरंखरं म्हणता येणार नाही.”

कारणही त्याच्याजवळ होतं. आजोबांच्या आजारपणात आम्ही सगळ्यांनी रात्र रात्र प्रार्थना केली, तरी ते गेले. मग मागायचं कशाला?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर दिलं सासूबाईंनी. “मी भांडले की देवाशी! दावीदही भांडलाय. तेरावं स्तोत्र काढ.” त्याने अडखळत वाचलं. “किती वेळ” हा सवाल त्यात पुन्हा पुन्हा येतो. देवाला असं विचारता येतं, हे त्याला नवीन होतं. खरं तर संडे स्कूलमध्ये आम्ही त्याला विजयाच्याच गोष्टी ऐकवल्या होत्या.

नातेवाइकांचे फोन आले. चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर, लोक काय म्हणतील? सासूबाईंनी त्यांना लक्ष्मीबाई टिळकांची आठवण करून दिली. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. एवढा मोठा कवी, एवढा बोलका माणूस. पण बायको त्याच्यामागून लगेच गेली नाही. आधी दुरावा सोसला, सोवळंओवळं स्वतःच्या विचाराने सोडलं आणि 1900 साली स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त हे सगळं त्यांनी हसतखेळत सांगितलंय. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे 64 अध्याय लिहून पुरं केलं ते त्यांनीच. टिळकांनी घाई करून हो म्हणायला लावलं असतं, तर ही लक्ष्मीबाई आपल्याला मिळाली असती का?

मुलाचं नाव मी दिलं नाही.

शेतावर पटवाऱ्याकडे वारस लागतो, श्रद्धेवर लागत नाही. आईबापांनी आपला विश्वास मुलांच्या डोळ्यांदेखत जगावा, त्यातली भांडणंही लपवू नयेत. माझ्या वाट्याचं काम तेवढंच. हल्ली प्रार्थनेला तो बसतो, कधी बसत नाही. बसला की प्रश्न विचारतो, आणि सासूबाई त्याला पुढचं स्तोत्र काढायला लावतात. पाळकसाहेब यंदाही नावं मागतील. यादी मी त्याच्यासमोर ठेवेन. नाव लिहायचं की नाही, हे त्याचं तो ठरवेल.