अंडर प्रोटेस्ट

माझे मामा अकोल्याला कोर्टाबाहेर अर्जनवीस होते. इंग्रजी बेताचेच, पण ‘अंडर प्रोटेस्ट’ हे दोन शब्द मोठे घोटीव काढीत. धरणात शेत गेलेला कुणी मोबदला उचलायला निघाला, की म्हणत, ‘पावतीवर सहीच्या वर हे लिहिजो, मंग पैसे घेजो. उद्या लिहून काई फायदा नाई.’

खरेच होते ते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात अटच होती : हरकत न नोंदवता रक्कम घेतली, की वाढीव मोबदल्यासाठी कोर्टाकडे जाण्याचा अर्ज करता येत नसे. २०१३ च्या कायद्यानेही ती अट ठेवली आहे. शब्द इंग्रजीच हवेत असे नाही म्हणा. पण मामांना मराठी हरकत जरा मऊ वाटे.

आमच्या अमरावतीच्या थोरल्या काकांची जमीन गेली, तेव्हा त्यांना हे रुचेना.

‘सरकारचे पैसेही घ्याचे, अन् वरून भांडाचं?’

‘भांडण कायचं जी, भाऊसाहेब? पैसे पोचले, हक्क सोडला नाई. एवढंच.’

काका बराच वेळ सुपारी कातरीत राहिले. मग पाटी मागवली. त्यांना इंग्रजी अक्षरओळख नव्हती. चार दिवस गिरवले. पावतीवर त्यांची मोडी सही एका झोकात उतरली, आणि तिच्या वर ते दोन शब्द, एकेक अक्षर सुटे.