उशिरा लिहिते होताना

'आता नोकरी पुरे, यापुढे फक्त लेखन' हे वाक्य चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या तोंडून आले की ऐकणाऱ्यांत दोन तट पडतात. काहींना त्यात धाडस दिसते, काहींना हौस. आम्ही दोघे महाविद्यालयांत मराठी शिकवतो, आणि हे वाक्य गेली दोन वर्षे आमच्या घरात अधूनमधून उच्चारले जाते. म्हणून त्याची थोडी चिकित्सा करावीशी वाटली.

या वाक्यात एक गृहीतक दडलेले आहे : नोकरीची वर्षे ही लेखनाच्या हिशेबातून वजा झालेली वर्षे होत. मराठी साहित्याचा इतिहास या गृहीतकाला फारसा आधार देत नाही. केवळ लेखनावर उदरनिर्वाह करणारे आपल्याकडे नेहमीच मोजके. नारायण सुर्वे यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा पहिला संग्रह १९६२ साली आला, तेव्हा त्यांचे वय ३६ होते आणि गिरणीतले काम, शाळेतली शिपाईगिरी हे सारे मागे साचलेले होते. त्या कवितेची भाषा त्या कामांतूनच घडली. आळंदी ते पंढरपूर पायी चालून 'पालखी' (१९६४) लिहिणारे दि. बा. मोकाशी रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय करीत. बिघाड शोधणाऱ्याची शांत, बारकाईची नजर त्यांच्या गद्यात आम्हांला जाणवते.

मात्र काम हेच लेखनाचे द्रव्य, असा सरळ नियम करायला गेलो की श्री. ना. पेंडसे आडवे येतात. ते नोकरीला मुंबईत 'बेस्ट'मध्ये; आणि 'गारंबीचा बापू' (१९५२), 'रथचक्र' (१९६२) यांचा मुलूख बालपणीच सुटलेल्या कोकणातला. 'तुंबाडचे खोत' १९८७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा १९१३ साली जन्मलेले पेंडसे पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर होते. नोकरीने त्यांना विषय दिला नसेल. पण बाजाराकडे न पाहता सावकाश लिहिण्याची मुभा दिली असावी, असा आमचा तर्क आहे.

आमचा प्रश्न याहून वेगळा आहे. आमचा व्यवसाय साहित्याचाच. तेव्हा त्यातून लेखनाकडे वळणे सोपे असावे, असा समज असतो. प्रत्यक्षात नेमके उलटे घडते. गिरणीतून येणाऱ्याजवळ साहित्याबाहेरची भाषा असते. आमच्याजवळ साहित्याविषयीची भाषा असते. 'आशय', 'अभिव्यक्ती', 'जीवनजाणीव' हे शब्द हाताशी इतके तयार असतात की एखादे माणूस कागदावर उतरण्यापूर्वीच त्याचे विवेचन सुरू होते. २०१० च्या नियमावलीने पदोन्नतीसाठी शोधनिबंधांना गुण ठरवून दिले, तेव्हापासून तर लिहिणे म्हणजे गुण जमवणे, हा अर्थ आमच्या वर्गात अंगवळणी पडला.

तरीही साहित्याबाहेरचे काहीच आमच्याजवळ नाही, असे म्हणता येणार नाही. तासिका तत्त्वावर एका गावाहून दुसऱ्या गावी एसटीने केलेली धावपळ आहे. परीक्षेच्या काळातला स्टाफरूममधला चहा आणि त्याभोवतीची कुजबुज आहे. आणि उत्तरपत्रिका आहेत. एका विद्यार्थिनीने पावसाविषयी लिहिताना आधी 'औंदा' लिहिले होते. मग ते खोडून वर 'यंदा' केले होते. आम्हांला द्यायचे होते ते गुण 'यंदा'च्या वाक्याला. पण त्या खोडाखोडीत एक घर, एक शाळा आणि प्रमाणभाषेचा सारा धाक होता. त्यावर निबंध सहज होईल. ती मुलगी मात्र निबंधात सापडणार नाही. तिच्यासाठी कथाच लिहावी लागेल.

म्हणून लेखन स्वीकारायचे म्हणजे काय, याचे आमच्यापुरते उत्तर नोकरी सोडणे हे नाही. २००५ नंतर रुजू झालेल्या आम्हांला जुने निवृत्तिवेतन नाही. घराचे हप्ते आहेत, दोन्हीकडचे आईवडील थकले आहेत. पोटाची काळजी लेखणीवर टाकली तर लेखणी पहिल्याच वर्षी वाकेल, अशी आम्हांला भीती वाटते आणि ती रास्त आहे. आम्ही सोडतो आहोत ते जादा तास, गाइडांसाठीचे मजकूर आणि निमंत्रणावरून लिहायचे शोधनिबंध. त्यातून पैसे कमी होतील, पदोन्नती लांबेल. हे दोघांनी समोरासमोर बसून मान्य केले आहे. सुटलेला वेळ पहाटेचा आहे, आणि तो कथेचा.

पंचवीस वर्षे दुसऱ्यांच्या कथांचे मूल्यमापन केल्यावर स्वतःची कथा त्याच कसोट्यांना उतरेल की नाही, हे सांगवत नाही. सध्या आम्ही एकमेकांचे वाचतो, आणि समासात शेरा लिहायचा नाही, एवढे पथ्य पाळतो.