लोदी उद्यानातला मेक्सिकन कवी

दिल्लीच्या लोदी उद्यानात पहाटेपासून वर्दळ सुरू होते. फिरायला आलेले आजोबा, हिरवळीवर डबे उघडून बसलेली कुटुंबे आणि घुमटांभोवती पोपटांचे थवे! पंधराव्या-सोळाव्या शतकांतील या कबरींनी एका परदेशी कवीलाही भुरळ घातली होती.

ऑक्टाव्हिओ पाझ १९६२ ते १९६८ या काळात मेक्सिकोचे भारतातील राजदूत होते. पृथ्वीराज रोडवरील निवासस्थानाच्या बागेत, कडुनिंबाखाली, त्यांचा मारी-जोझेशी विवाह झाला. लोदी उद्यान, हुमायूनची कबर यांवर त्यांनी स्पॅनिशमध्ये कविता लिहिल्या.

२ ऑक्टोबर १९६८. ऑलिंपिक अवघ्या दहा दिवसांवर आले असताना मेक्सिको शहरात लष्कराने विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. निषेध म्हणून पाझ यांनी राजदूतपद सोडले. त्याबरोबर आवडती दिल्लीही सुटली. १९९०चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

कनॉट प्लेसजवळ हनुमान रोडवर स्पॅनिश भाषेचे सर्व्हान्तेस केंद्र आहे. तेथे भाषेच्या वर्गांबरोबर काव्यवाचनाचे, चित्रपटांचे कार्यक्रमही होतात. दिल्लीला गेलात, तर तेथे जरूर डोकवा. आणि एक संध्याकाळ लोदी उद्यानासाठी राखून ठेवा. जोरबाग मेट्रो स्थानक तेथून जवळच आहे.