समुद्रसपाटीपासून

आगगाडी स्थानकात शिरली की आमच्या घरची मंडळी खिडकीतून वडेवाला शोधतात आणि मी पिवळी पाटी शोधतो. गावाचे नाव मला वाचायचे नसते. ते तिकिटावर असतेच. पण पुष्कळ स्थानकांच्या पाटीवर, नावाखाली बारीक अक्षरांत, समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती वाचल्यावाचून मला चैन पडत नाही. ‘अहो, त्या आकड्याची भाजी करायची आहे का?’ असे सौ.ने एकदा विचारले होते. भाजी नाही, पण त्या आकड्याचे घर झाले. ते कसे, ते सांगतो.

त्याआधी एक प्रश्न. पाटी रंगवणाऱ्या माणसाला ही उंची कळते कशी? समुद्र दूर, शिवाय तो एका जागी राहत नाही. मांडवीच्या जेटीवर सकाळी आणि दुपारी उभे राहून पाहा; कोणते पाणी खरे म्हणायचे? यासाठी सर्व्हे ऑफ इंडियाने कराचीपासून ओडिशाच्या किनाऱ्यापर्यंत नऊ ठिकाणी वर्षानुवर्षे भरती-ओहोटी मोजून पाण्याची सरासरी काढली. त्यांत मुंबई होती, कारवारही होते. आमची रत्नागिरी दोघांच्या मधोमध, पण तिला तो मान मिळाला नाही. १९०९ साली या नऊ सरासऱ्या धरून सगळ्या देशाच्या उंचीचा हिशेब जुळवण्यात आला.

पण समुद्राची उंची नागपुरास न्यायची कशी? दुर्बीण आणि पट्टी घेऊन, पावलापावलाने. मध्ये दुर्बीण, मागे एक पट्टी, पुढे एक पट्टी. दोन्ही वाचायच्या, वजाबाकी करायची आणि सगळा संसार उचलून पुढे जायचे. तोच रस्ता पुन्हा उलटा मोजायचा. फरक थोड्या मिलिमीटरांपलीकडे गेला तर पुन्हा पहिले पाढे. आणि एवढ्या कष्टाने आणलेली उंची हरवू नये म्हणून वाटेत दगडावर ती ‘ठेवायची’. पुलाच्या कठड्यावर, मोरीच्या दगडावर, फलाटाच्या कडेला एक लहान चौकोन कोरायचा, वर जी.टी.एस. आणि खाली बी.एम. ही इंग्रजी अक्षरे. नागपूरच्या शून्य मैलाच्या दगडाजवळ लोक घोड्यांचे फोटो काढतात. तिथेही अशीच १९०७ सालची उंचीची खूण आहे.

घाटावर रेल्वे जुनी, म्हणून तिच्या कडेने असे दगड शोधण्यात मौज आहे. कोकणात रेल्वे आली ती १९९० नंतर. महामंडळ १९९० साली स्थापन झाले आणि १९९८ साली रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. तेव्हा आमच्याकडे जुने चौकोन रस्त्याच्या कडेला आणि नवे रेल्वेच्या कडेला. नवे म्हणून त्यांना कमी लेखू नका. दीडशे मीटर पुढे गेले तर चढ एका मीटरहून अधिक नको, असा या मार्गाचा दंडक होता. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरांचा. डोंगराच्या दोन अंगांनी खणत आलेली माणसे आत एकमेकांना भेटायची, तर दोन्ही तोंडांशी उंचीची खूण एकाच हिशेबातली हवी. आपण गाडीत बसून आवळासुपारी चघळत तो अंधार पार करतो, तेव्हा हे ध्यानात येत नाही.

आता चिपळूणची गोष्ट. माझी आत्या तिथे राहते. तिचे यजमान, आमचे काका, बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. शिस्तीचा माणूस. वाण्याचा हिशेब आणि पावसाचे इंच एकाच डायरीत लिहीत. ते गेल्यावर आत्याने त्या डायऱ्या ट्रंकेत जपून ठेवल्या, आणि ट्रंक माडीवर होती म्हणून २२ जुलै २०२१च्या रात्री वाचली. खाली काहीच वाचले नाही. पाणी माळ्यापर्यंत आले. आत्या माडीच्या जिन्यावर बसून पायऱ्या मोजत होती. पाणी ओसरल्यावर चार दिवसांनी मागची चिऱ्यांची भिंत बसली.

घर पुन्हा बांधायचे ठरले तेव्हा वाद पडला तो जोत्यावरून. २०२१च्या पाण्याच्या वर जोते न्यायचे म्हणजे पुरुषभर उंच. त्या पायऱ्या पंच्याऐंशी वर्षांच्या बाईने कशा चढायच्या? आतेभावाचे म्हणणे असे की, तसल्या पुरासाठी माडी आहे. पण २००५च्या जुलैत आले होते तेवढे पाणी तरी उंबऱ्याबाहेर राहावे. गोष्ट रास्त होती. मात्र २००५चे पाणी नक्की कुठवर होते? त्याची रेघ काकांनी मागच्या भिंतीवर ओढली होती, आणि भिंत तर गेली. शेजारी कोणी कमरेइतके सांगे, कोणी गुडघ्याइतके. वर्षे लोटली की पुराची उंची सांगणाऱ्याच्या स्वभावावर ठरते.

ट्रंक उघडली. डायरीत सापडले: ‘मोरीच्या चौकोनावर पाणी तीन फूट पाच इंच.’

मी आणि सर्वेक्षणाचे काम करणारा माझा भाचा, असे दोघे मोरी शोधायला निघालो. रस्ता ओळखू येत नव्हता. रुंदीकरणात जुन्या मोऱ्या जाऊन तिथे सिमेंटचे चौकोनी डबे बसले आहेत. रस्ता व्हायला हवा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. महाडला सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री वाहून गेला, तेव्हा जुने ते सोने म्हणण्यात काही अर्थ नाही. पण निदान कोणी त्या चौकोनाची उंची शेजारच्या दगडावर उतरवून ठेवायची होती. दोन दुपारी आम्ही गवत तुडवत हिंडलो. एका गुराख्याने विचारले, ‘काय वो मास्तर, काय हरवलाय काय?’ उंची हरवली आहे, हे त्याला सांगायचे कसे?

तिसऱ्या दुपारी दगड सापडला. गटारात, उताणा, आणि त्यावर तो चौकोन, अक्षरांसकट. मला कोण आनंद झाला! भाचा मात्र बघत राहिला. म्हणाला, ‘मामा, हा आता नुसता दगड.’ खरेच होते. चौकोन जागच्या जागी होता तोवर त्याला किंमत. हलला की त्याची उंची संपली.

भाच्याने खिसा चाचपून मोबाइल काढला नाही, याचे आत्याला नवल वाटले. उपग्रहावरून उंची मिळते, हे तिला नातवाने सांगितले होते. मिळते, पण उपग्रह मोजतो ती गणिताने कल्पिलेल्या गुळगुळीत पृथ्वीपासून. आपल्या भागात खरा समुद्र त्या कल्पित पृष्ठभागाच्या साठ मीटरांहूनही खाली आहे, तर श्रीलंकेच्या दक्षिणेस शंभराहून खाली. हिशेब न जुळवता आकडा वाचला तर भाट्याच्या वाळूत उभा असलेला माणूस पाताळात निघतो. आणि तो हिशेब जुळवायचा तर शेवटी अशाच दगडांशी ताडून पाहावा लागतो.

पुन्हा ट्रंक. या वेळी आत्याने स्वतः डायऱ्या चाळल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून. रेल्वेचे काम चालू होते त्या वर्षांतली एक काढून तिने पान पुढे केले. काकांनी एका रविवारी, कोणी सांगितले नसताना, मोरीच्या चौकोनापासून रेल्वेच्या लहान पुलावरच्या खुणेपर्यंत लेव्हल नेली होती. जाताना आणि येताना. दोन्हींतला फरक लिहिला होता, खाली सही होती, आणि सहीखाली ‘भजी, आठ आणे’.

रेल्वेची खूण जागेवर होती. तिथल्या माणसाची परवानगी घेऊन, त्यालाच सोबत ठेवून आम्ही काम सुरू केले. पट्टी माझ्या हाती होती. ‘मामा, डुलू देऊ नका,’ असे भाचा दर पाच मिनिटांनी ओरडत होता. पुलापासून आत्याच्या अंगणापर्यंत, मग अंगणापासून पुलापर्यंत. संध्याकाळी त्याने कागदावर बेरीज-वजाबाकी केली आणि अंगणातल्या फणसाच्या बुंध्यावर खडूने रेघ ओढली. २००५चे पाणी इथवर. आत्या जवळ गेली, रेघेला हात लावून बघितला आणि म्हणाली, ‘बरोबर. तेव्हा माझं तुळशीवृंदावन एवढंच बुडालं होतं.’

जोते जुन्यापेक्षा दोन फूट चार इंच उचलायचे ठरले. पायऱ्या चार, आत्याला चढता येण्याजोग्या. गवंडी म्हणाला, ‘आजी, दोन फूटच धरू की. चार इंचांनी काय होतंय?’

आत्या ट्रंकेची किल्ली कमरेला खोचत म्हणाली, ‘यांना विचारल्याशिवाय मी एक इंच सोडायची नाही.’