‘येतो!’

शब्दकोशावर माझी भक्ती आहे. परंतु मराठी घरात नुसत्या कोशाच्या जोरावर कोणी आठ दिवस काढून दाखवावेत! बांगडी फुटली, तर ती ‘वाढली’. डब्यातले तांदूळ संपले, तरी ते ‘वाढले’च. आणि निघालेला पाहुणा चक्क ‘येतो’ म्हणतो!

आपल्या शास्त्रकारांनी शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत. सरळ अर्थ देणारी ती अभिधा. तो जुळेना, की त्याच्याशी संबंध असलेल्या दुसऱ्या अर्थाकडे नेणारी ती लक्षणा. आणि न बोललेले सुचवणारी ती व्यंजना. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त या सुचवलेल्या अर्थालाच काव्याचा आत्मा मानले. काव्याचे राहू द्या. मला तो उंबरठ्यावरच भेटतो.

दिवाळी आटोपून मुलगा परगावी निघतो. वाकून नमस्कार करतो आणि म्हणतो, ‘आई, येतो.’ अभिधेने पाहावे, तर हे धडधडीत खोटे. लक्षणेने पाहावे, तर अर्थ ‘जातो’ एवढाच. मग सरळ ‘जातो’च का म्हणू नये? कारण ‘जातो’ला परतीची वाट नाही, ‘येतो’ला आहे. ती वाट दाखवते व्यंजना. आईही ‘ये हं’ म्हणते. केव्हा, ते विचारीत नाही.

कोशात ‘येणे’ या क्रियापदापुढे हा अर्थ मला पुरता सापडत नाही. तो दोन माणसांच्या मधे असतो. रिकाम्या घराला कुलूप लावून निघताना आपण कोणालाच ‘येतो’ म्हणत नाही.