बाजूचा दिवा

आमच्या परळच्या घरांत लहानमोठीं अकरा माणसें आहेत, आणि मोठ्या खर्चाची कोणतीहि बाब रात्रीच्या जेवणानंतर सर्वांसमक्ष बोलून ठरवावी, असा वडिलांच्या वेळेपासूनचा शिरस्ता आहे. मुलींचें शिक्षण, घराची डागडुजी, गांवच्या घराचें छप्पर, असे कित्येक प्रश्न या बैठकींत निकालांत निघाले आहेत. परंतु समुद्राच्या तळाशीं उजेड कसा पाडावा, हा प्रश्न गेल्या वर्षीं प्रथमच आमच्यापुढें आला. तो सोडवितांना आम्हांस जें उमगलें, तें वाचकांच्याहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहों.

प्रकरण असें झालें. आमचा पुतण्या नोकरीस लागल्यापासून समुद्रांत बुड्या मारण्याच्या नादास लागला. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकविणारी संस्था आहे. तेथें तो रीतसर शिकला, आणि पगारांतून शिल्लक टाकून त्यानें एक लहान कॅमेरा व त्यास पाण्यापासून जपणारी पेटी घेतली. मालवणास सिंधुदुर्गाच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहे, आणि १९८७ सालापासून तो भाग सागरी अभयारण्य म्हणून राखलेला आहे. तेथील फोटो घेऊन तो परतला, तेव्हां त्याचा आनंद घरांत मावत नव्हता.

ते फोटो त्यानें प्रथम आमच्या थोरल्या वहिनींना दाखविले. वहिनींचें माहेर मालवणचें. किल्ल्याच्या तटाकडे पाहतां पाहतां त्यांचें बालपण गेलें. परंतु त्या पाण्याखालीं काय आहे, हें त्या वेळच्या मुलींनीं कोठून पाहावें? अलीकडे मधुमेहामुळें त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यास इजा झाली आहे, आणि दृष्टीपुढें ठिपके तरंगतात. उरलेली दृष्टि टिकविणें, एवढाच आतां डॉक्टरांचा प्रयत्न आहे. त्यांनीं फोटो खिडकीशीं नेऊन, मान इकडे तिकडे करून पाहिला, आणि विचारलें, "अरे, हे सगळं निळंच कसं? आणि हे ठिपके माझ्या डोळ्यांतले, कीं फोटोतले?"

ठिपके फोटोंतलेच होते. पुतण्या खजील झाला. "काकू, तिथं रंग पुष्कळ आहेत गं, पण या कॅमेऱ्यांत येत नाहींत. बाहेरून स्ट्रोब लावला तर येतील," असें तो म्हणाला. स्ट्रोब हा शब्द आमच्या घरांत त्या रात्रीं प्रथम उच्चारला गेला.

पाण्याचा एक चमत्कारिक गुण आहे. प्रकाशांतील सर्व रंगांस तें सारख्या मायेनें वागवीत नाहीं. तांबडा रंग तें सर्वांआधीं गिळतें. चार-पांच मीटर खालीं गेलें कीं तांबडी वस्तु काळपट दिसूं लागते, आणि दहा मीटरांच्या सुमारास तो रंग जवळजवळ नाहींसाच होतो. निळा तेवढा खोलवर टिकतो. म्हणजे रंग प्रवाळावर असतोच. तो उघड करणारा प्रकाश मात्र तेथवर पोंचत नाहीं. तो आपणच बरोबर न्यावा लागतो.

ही अडचण कांहीं आजची नव्हे. लुई बूताँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८९३ सालापासून बान्यूल्सच्या समुद्रांत फोटो घेण्याचे प्रयोग केले, तेव्हां उजेडासाठीं प्राणवायूनें भरलेल्या पिंपाचा उपयोग करून मॅग्नेशियम जाळण्याची खटपट त्याला करावी लागली. १९२६ सालीं लाँगली व मार्टिन या अमेरिकन गृहस्थांनीं फ्लॉरिडाच्या समुद्रांत पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो घेतले. त्यांनीं तर पाण्यावर तराफा सोडून त्यावर मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडविला. पुढें १९३० नंतरच्या दशकांत हॅरल्ड एजर्टन यांनीं विजेनें क्षणभर चमकून पुन्हा पुन्हा सज्ज होणारा दिवा विकसित केला. आजचा स्ट्रोब त्याच कुळांतला.

परंतु कॅमेऱ्याच्या पोटांत एक फ्लॅश असतांना दुसरा विकत कशाला? मुलाच्या वडिलांनीं, म्हणजे आमच्या धाकट्या बंधूंनीं, हीच हरकत काढली. आणि ती गैर नव्हती. लहानसा स्ट्रोब, त्याची दांडी आणि केबल मिळून होणारा खर्च जवळजवळ कॅमेऱ्याच्या किमतीइतका होता. उलट पुतण्याचें मन सर्वांत मोठ्या स्ट्रोबवर बसलेलें. "घ्यायचा तर जोरदारच घ्यावा," हें त्याचें म्हणणें.

दोन रात्री बोलूनहि निकाल लागेना, तेव्हां आम्हीं एक प्रयोग केला. तो कोणासहि घरीं करतां येईल. मुलांचा मासे पाळण्याचा नाद सुटल्यापासून माळ्यावर पडून असलेली काचेची पेटी खालीं काढली, पाण्यानें भरली, आणि मालवणचें गढूळ पाणी व्हावें म्हणून तींत चमचाभर दूध घातलें. पलीकडच्या टोकास वहिनींच्या तांबड्या कांचेच्या बांगड्या ठेवल्या, आणि खोलींतले दिवे मालवून विजेरी पेटविली. विजेरी डोळ्यापाशीं धरली तेव्हां समोर नुसतें धुकें दिसलें. अधिक मोठी विजेरी आणली, तों धुकेंच अधिक उजळलें. मग ती पहिलीच लहान विजेरी हातभर बाजूला नेऊन तिरकी धरली, आणि बांगड्यांचा तांबडा रंग स्वच्छ दिसला.

वहिनी मागें उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, समई देवाच्या कडेलाच असते ना? आपल्या नि देवाच्या मधोमध कुणी ठेवतं का?"

त्या एका वाक्यांत साऱ्या प्रकरणाचें सार आलें. कॅमेऱ्यांतला फ्लॅश भिंगाच्या अगदीं शेजारीं असतो. म्हणून भिंगासमोरचे पाण्यांतले कण तोच प्रथम उजळतो, आणि ते पांढरे ठिपके होऊन फोटोंत उतरतात. शिवाय पेटीच्या पुढें आलेल्या तोंडाची सावली कित्येकदां कोपऱ्यांत पडते, ती निराळीच. स्ट्रोब दांडीवर बाजूला व किंचित् वर धरला, आणि त्याचें तोंड जरा बाहेरच्या अंगास वळविलें, म्हणजे त्याच्या उजेडाची कडा तेवढी वस्तूवर पडते व मधलें पाणी अंधारांत राहतें. दुसरी गोष्ट अंतराची. अंतर दुप्पट झालें कीं उजेड चौथ्या हिश्शावर येतो, आणि पाणी आपला वांटा घेतें तो वेगळाच. म्हणून गढूळ पाण्यांत वस्तूच्या हातभर जवळ जाणें, हा मोठा स्ट्रोब घेण्यापेक्षां स्वस्त व अधिक गुणकारी उपाय होय.

मोठ्याचा मोह सुटला, तेव्हां बाकीची निवड सोपी झाली. ज्यांस असा स्ट्रोब घ्यावयाचा असेल, त्यांनीं प्रथम आपला कॅमेरा नीट ओळखावा. लहान कॅमेऱ्यास बहुधा बाहेरच्या फ्लॅशची तार जोडण्याची जागा नसते. त्याच्या आंतल्या फ्लॅशचा उजेड फायबरच्या केबलमधून स्ट्रोबच्या डोळ्यापर्यंत पोंचतो, आणि तो पाहून स्ट्रोब चमकतो. म्हणून पेटीवर ती केबल बसते कीं नाहीं, हें आधीं पाहावें. दुसरें असें कीं, पुष्कळ लहान कॅमेरे खऱ्या चमकेच्या आधीं अंदाज घेण्यासाठीं एक हलकी चमक सोडतात. स्ट्रोबला ती ओळखतां आली पाहिजे. नाहीं तर तो आधींच चमकून मोकळा होतो, व फोटो काळा येतो. गाइड नंबर हा जोराचा आंकडा बहुधा हवेंतला असतो, पाण्यांत तो पुष्कळ उतरतो; तेव्हां त्यावर भुलूं नये. साधे, पुन्हा भरतां येणारे सेल चालत असतील तर उत्तम. परगांवीं अडत नाहीं.

अखेर दादांनीं निकाल दिला. स्ट्रोब लहानच घ्यावा, पण दांडी लांब व बळकट घ्यावी. निम्मे पैसे मुलानें द्यावे, निम्मे घरानें. "आणि प्रवाळावर पाय देऊन काढलेला फोटो या घरांत यायचा नाहीं. तो दगड नव्हे, जीव आहे," एवढें बजावून ते उठले.

पावसाळ्यांत मालवणचा समुद्र बंदच असतो. पुतण्या डिसेंबरांत गेला. पहिल्या रात्रीं त्याचा फोन आला, आवाज पडलेला. सारे फोटो काळे आले होते. ती आधींची हलकी चमक ओळखण्याचा खटका लावावयाचाच राहिला होता. घरून निघण्यापूर्वीं एकदां अंधाऱ्या खोलींत फोटो घेऊन पाहिला असता, तर दिवस फुकट जाता ना. धाकटे बंधू रागावतील असें आम्हांस वाटलें, परंतु त्यांनीं फोन घेऊन इतकेंच विचारलें, "उद्यां पुन्हा उतरणार आहेस ना?"

दुसऱ्या दिवशींच्या फोटोंतला एक आम्हीं कागदावर मोठा करून घेतला. खडकाच्या कपारींत नारिंगी स्पंज, त्याच्या कडेस प्रवाळाची तपकिरी गांठ, आणि मागें काळोखें, स्वच्छ पाणी. वहिनींनीं तो पूर्वीप्रमाणेंच खिडकीशीं नेला व बराच वेळ पाहिला.

"हा खडक कुठला रे?"

"किल्ल्याजवळचाच, काकू. होडीच्या वाटेपासून फार लांब नाहीं."

"म्हणजे आम्ही पोरी होडींतून जायचों, तेव्हां खालीं हे होतंच तर," त्या म्हणाल्या. मग फोटो जरा दूर धरून, पुन्हा जवळ घेऊन त्यांनीं सांगितलें, "यांत ठिपके नाहींत हो. आतां दिसतात ते माझेच."

तो फोटो आमच्या माजघरांत खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर लावला आहे. उजेड त्यावर कडेनें पडतो.