कपुचिन कॉफी

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मी राम आळीत साड्या पाहत उभा होतो. हे वाचून माझ्या धर्मग्रामातील भाविक दचकतील, म्हणून लगेच खुलासा करतो. साड्या माझ्या मित्राच्या लेकीच्या लग्नासाठी होत्या आणि लग्न जानेवारीत वसईला होते. एका आजाऱ्याला ख्रिस्तप्रसाद देऊन मी परतत होतो, अंगावर पांढरा झगा तसाच होता. वाटेत मित्र व वहिनी भेटली आणि मी त्यांच्या तावडीत सापडलो. धर्मगुरू सोबत असला की दुकानदार भाव उतरवतो, अशी वहिनींची समजूत. ती खोटी ठरली. चार दुकाने झाली, पाच पिशव्या झाल्या, आणि त्यांतल्या तीन माझ्या हातात आल्या.

हा मित्र आणि मी पुण्याला सेमिनरीत पाच वर्षे एका बाकावर बसलो. ईशज्ञानाच्या दुसऱ्या वर्षी, १९९४ साली, एका पहाटे त्याने ट्रंक रिक्षात चढवली आणि तो गेला. माझ्या गुरुदीक्षेला १९९८ मध्ये तो आला, वाकून त्याने माझ्या हातांचे चुंबन घेतले आणि म्हणाला, "फादर, तुम्ही आता आमच्यासाठी प्रार्थना करा." एका बशीत जेवलेल्या माणसाच्या तोंडचे ते पहिले 'तुम्ही'. गतवर्षी बँकेतली बदली त्याला रत्नागिरीत घेऊन आली. दर रविवारी मिस्साला तो मागून तिसऱ्या बाकावर बसतो. भेटतो, हसतो, आणि 'तुम्ही' म्हणतो.

"मारुती मंदिराजवळ नवं कॉफी शॉप निघालंय, पाय मोडले माझे, तिथेच बसू," वहिनी म्हणाल्या. मी कां कूं केले. आत सगळी कॉलेजची मुले होती. माझा झगा पाहून एका टेबलावरचे हसणे एकदम थांबले. मला अवघडल्यासारखे झाले. भावांची यादी वाचल्यावर अधिकच. एक कप एकशे ऐंशी रुपये!

"आपल्याकडे कॉफी म्हणजे दूध, साखर आणि वर किसलेलं जायफळ," वहिनी म्हणाल्या. "तीसुद्धा पाहुण्यांना, नाहीतर परीक्षेच्या रात्री." खरे आहे. चहाचा हा मुलूख. कॉफी सह्याद्रीच्याच कुशीत, चिकमगळूरला पिकते. बाबा बुदान नावाच्या सूफी फकिराने येमेनहून सात बिया लपवून आणल्या, अशी तिथली परंपरा सांगते. आपण कोकणी माणसांनी तिच्यात आपले जायफळ घातले आणि तिला घरची करून घेतले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तर जायफळाची 'कोकण सुगंधा' नावाची जातच काढली आहे. या दुकानात मात्र जायफळ नव्हते. फुसफुसणारे इटालियन धाटणीचे यंत्र होते. वाफेच्या दाबाने कॉफी काढण्याच्या अशा एका यंत्राचे पेटंट मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये मागितले होते. हे सारे मी तिथे बसून सांगितले. प्रवचनाची खोड सुटत नाही.

मित्राने यादीवर बोट ठेवले. "हे कपुचिनो म्हणजे काय, फादर?"

मला बरे वाटले. हा विषय घरचा होता. कपुचिन म्हणजे संत फ्रान्सिसच्या परिवारातला संन्यासी संघ. पोपमहोदय सातवे क्लेमेंट यांनी १५२८ मध्ये त्याला मान्यता दिली. आपले पाद्रे पियो त्यांच्यातलेच. त्यांच्या झग्याला टोकदार टोपी असते, तिला इटालियनमध्ये 'कपुच्चो' म्हणतात. व्हिएन्नाच्या कॉफीगृहांत साय घातलेल्या कॉफीचा रंग त्या तपकिरी झग्यासारखा दिसे, म्हणून तिला कपुचिनांचे नाव पडले आणि पुढे ते इटालियन झाले.

कप आले. वर पांढरा फेस, कडेला तपकिरी वलय. मित्र त्याकडे बराच वेळ पाहत राहिला. "म्हणजे एवढा तरी झगा माझ्या वाट्याला आला," तो म्हणाला.

कोणी हसले नाही. वहिनींनी चमचा खाली ठेवला. "फादर, एक विचारू? हे सेमिनरीतून घरी आले, तेव्हा वर्षभर पोस्टमनची वाट बघत होते, असं सासूबाई सांगायच्या. तुम्ही एकही पत्र का नाही लिहिलंत?"

वरिष्ठांनी मनाई केली होती, असे सांगता आले असते. पण तशी मनाई कुणी केली नव्हती. अभ्यास होता, परीक्षा होत्या. पण तेही कारण नव्हते. मी फेसाकडे पाहत म्हणालो, "मला भीती वाटत होती. मी लिहिलं असतं, तर का गेला ते यानं कळवलं असतं. ती कारणं मलाही लागू पडली तर मी काय करणार होतो?"

शेजारच्या टेबलावर पुन्हा हसणे सुरू झाले होते. मित्राने कप दोन्ही हातांत धरला होता.

"तू एक कार्ड टाकायला हवं होतंस," तो म्हणाला. "पंधरा पैशांचं. नुसतं 'बरा आहेस का' एवढंच."

"हो," मी म्हणालो.

"मीही घाबरलोच होतो. तू राहिलास, म्हणजे माझंच चुकलं असं वाटायचं."

वहिनींनी आणखी एक कप मागवला आणि तो तिघांत वाटून घेतला. खरे सांगायचे तर कॉफी मला कडू लागली. जायफळाची आठवण झाली. पैसे मी काढले, ते त्याने माझ्या खिशात परत कोंबले, पूर्वी कोंबायचा तसेच.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर, लोकांदेखत, पुन्हा 'फादर, तुम्ही' झाले. रात्री मात्र फोन वाजला. "अरे, ती निळी साडी बदलायची आहे. उद्या येतोस का?"